मार्केटप्लेसवर माल विकताना: नियम कुठे आडवे येतात, पैसा कुठे मुरतो

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यातला सहा जणींचा बचत गट गोधड्या, क्रोशाच्या बाहुल्या, गोडा मसाला आणि घरी केलेला साबण विकतो. आतापर्यंत विक्री प्रदर्शनांतून आणि ओळखीवर होती. आता अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा ठिकाणी उतरायचं आहे. जीएसटी नोंदणी नाही. खातं काढण्याआधी बंधनं कोणती आणि पैसे बुडण्याचे धोके कोणते?

आधी उत्तर, मग त्याची कारणं. गोधडी लगेच विकायला काढा. मसाला लेबल आणि परवाना नीट झाल्यावर. बाहुली कारागीर-नोंदणीचं काम होईपर्यंत थांबवा आणि साबण सध्या ऑनलाइन टाकूच नका. जीएसटीशिवाय विकता येईल, पण फक्त महाराष्ट्राच्या आत. आणि यातला सगळ्यात मोठा धोका कायद्याचा नाही. लहान विक्रेते इथे माल खपत नाही म्हणून बसत नाहीत, तर खपलेला माल परत येतो आणि हातातलं भांडवल अडकतं म्हणून बसतात. त्याचा हिशोब खाली रुपयांत मांडला आहे, तो स्वतःच्या आकड्यांनी करून बघितल्याशिवाय पहिलं लिस्टिंग, म्हणजे मालाचं विक्रीचं पान, चढवू नका.

सुरुवात खातं कोणाच्या नावावर याने करा, कारण ही चूक पुढे सुधारायला फार जड जाते. बहुतेक गटांत जिच्याकडे स्मार्टफोन आणि पॅन आहे तिच्या नावावर खातं निघतं. मग सहाही जणींची विक्री तिच्या एकटीच्या पॅनवर दिसते. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ती सगळी उलाढाल तिचीच. उद्या तिने गट सोडला तर खातं, रेटिंग, जमलेले रिव्ह्यू सगळं तिच्याबरोबर जातं, कारण मार्केटप्लेस खातं दुसऱ्याच्या नावे करून देत नाहीत. म्हणून गटाच्या नावाने पॅन आणि बँक खातं आधी काढा, आणि पॅन, बँक आणि मार्केटप्लेस या तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग अक्षरशः सारखं ठेवा. पॅनवर ‘महिला बचत गट’ आणि पासबुकावर ‘म. ब. गट’ एवढ्या फरकानेही पडताळणी अडकते. एक बारीक फरक लक्षात असू द्या: मार्केटप्लेस विक्रीच्या रकमेवर ०.१ टक्का आयकर आधीच कापून घेतात, त्याला टीडीएस म्हणतात (१ ऑक्टोबर २०२४ आधी हा दर १ टक्का होता). वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या विक्रीवर जी सूट आहे ती व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच, तीही पॅन किंवा आधार दिलेला असेल तर. गटाच्या पॅनला ती मिळत नाही. रक्कम किरकोळ आहे आणि विवरणपत्र भरलं की जमा धरली जाते. पण ती परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं. मार्केटप्लेसकडे पॅन दिलेला नसेल तर तोच दर ५ टक्के होतो.

आता जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी ऑनलाइन मंचावर एक रुपयाचा माल विकायचा तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. त्या तारखेपासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली. अटी अशा: पॅनवरची एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली हवी, जी महाराष्ट्रात मालासाठी ४० लाख आहे, विक्री एकाच राज्यातून आणि त्याच राज्याच्या आत हवी, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा. हा क्रमांक म्हणजे जीएसटीआयएन (नियमित नोंदणीचा जीएसटी क्रमांक) नव्हे, त्यावर कर लावता येत नाही आणि विवरणंही भरावी लागत नाहीत. पोर्टलवर नोंदणीच्या भागात ‘ई-कॉमर्समार्फत माल पुरवणारे, नोंदणी नसलेले’ असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा.

राज्याच्या आत या अटीचा अर्थ सांगली जिल्ह्याला जरा जास्तच टोचतो. नागपूर चालेल, मिरजेपलीकडे हाकेच्या अंतरावरचं कागवाड चालणार नाही, कारण ते कर्नाटकात. गोव्यातला किंवा बेळगावातला मराठी गिऱ्हाईकही नाही. मार्केटप्लेसची यंत्रणा अशा ऑर्डरी स्वतःच अडवते, त्यामुळे चुकून नियम मोडेल ही भीती कमी. पण बाजारही तेवढाच आखूड होतो. पहिले काही महिने हेच बरं असं माझं मत आहे. जवळच्या गिऱ्हाइकाकडचं पार्सल स्वस्तात जातं, लवकर पोहोचतं आणि परत आलं तरी लवकर परत येतं. या काळात कळतं की कोणता माल टिकतो. मग नोंदणी घ्या. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या, विक्रेत्यालाही ऑनलाइन विकता येतं, पण राज्याच्या आतच, त्यामुळे बाहेर जायचं असेल तर नियमित नोंदणीच लागेल.

नियमित नोंदणी घेतल्यावर दोन गोष्टी बदलतात. मार्केटप्लेस करपात्र विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे जीएसटीपोटी आगाऊ रक्कम, कापतात (१० जुलै २०२४ आधी १ टक्का होता). हा पैसा तुमचाच आहे, पण आपोआप येत नाही. पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ती नोंद स्वीकारावी लागते, तेव्हा ती रोख खतावणीत, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, जमा होते. अनेकांचे हे पैसे वर्षानुवर्षं तिथेच पडून असतात, कारण सांगणारं कोणी भेटत नाही. दुसरं, विक्री नसलेल्या महिन्याचंही विवरण भरावं लागतं. निरंक विवरण चुकलं तर दिवसाला २० रुपये, एरवी ५० रुपये विलंब शुल्क चढतं. आणि सलग सहा महिने विवरण भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणी निलंबित झाली की मार्केटप्लेसवरचं खातंही थांबतं, आणि त्यात अडकलेले पैसेही.

भिवंडीच्या गोदामाचा मोह आत्ताच सांगून ठेवतो. ‘आमच्या गोदामात माल ठेवा, आम्ही पाठवतो’ ही सेवा महाराष्ट्रातल्या विक्रेत्याने भिवंडीत घेतली तर ते गोदाम जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवावं लागतं. पण बेंगळुरू किंवा दिल्लीच्या गोदामात माल ठेवलात की त्या राज्यातही स्वतंत्र नोंदणी लागते, आणि स्वतःच्याच एका नोंदणीकडून दुसरीकडे गेलेला माल हा कायद्याने पुरवठाच धरला जातो. त्यावर कर लावून बीजक करावं लागतं, ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागतं. शिवाय गोदामाचं भाडं न खपलेल्या मालावरही चालूच राहतं. सुती गोधडी पावसाळ्यात चार महिने बंद प्लॅस्टिकमध्ये पडली तर दमट वास धरते, आणि तो वास घेऊन ती गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते. गोदामात पाठवायचीच असेल तर पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि जेमतेम महिनाभर पुरेल एवढीच.

कोणता माल चालतो, कोणता नाही, हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण मार्केटप्लेसने लिस्टिंग घेतलं म्हणजे माल कायदेशीर झाला असं नाही.

बाहुल्या. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. क्रोशाची बाहुली यातून आपोआप सुटत नाही. सूट आहे ती केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना. म्हणजे गटातल्या ज्या बाई बाहुल्या विणतात त्यांचं कारागीर ओळखपत्र आधी काढा, तेच मार्केटप्लेसला द्यावं लागेल. ‘हे खेळणं नाही, शोपीस आहे’ असं लिहून बाहुली विकणारे खूप आहेत. पण फोटोत लहान मूल ती कवटाळून बसलेलं असेल तर त्या ओळीला काही किंमत उरत नाही. मार्च २०२५ मध्ये ब्युरोने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या गोदामांवर धाडी टाकून प्रमाणित नसलेला माल जप्त केला. गोदाम कंपनीचं असलं तरी जप्त होणारा माल विक्रेत्याचा असतो, आणि तोटाही त्याचाच.

साबण. अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि ते बनवायला औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालचा उत्पादन परवाना लागतो. घरच्या स्वयंपाकघराला तो मिळणं व्यवहारात अशक्य आहे, कारण जागा, उपकरणं, तज्ज्ञ माणूस यांच्या अटी आहेत. ‘हँडमेड’, ‘नॅचरल’ म्हटल्याने परवाना टळत नाही. खरोखर या मालात पुढे जायचं असेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या नावाने बनवून घेण्याचा मार्ग आहे, पण मग तो घरचा साबण राहत नाही, आणि लेबलवर खरा उत्पादक लिहावा लागतो. ‘मुरूम जातात’, ‘सोरायसिस बरा होतो’ असे दावे केलेत तर तो औषधाचा दावा होतो आणि प्रकरण आणखी वाढतं.

मसाला यापेक्षा सोपा आहे, पण काम जास्त. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही मिळते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा. त्याबरोबर: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या प्रमाणात, हिरवं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, ते घटकांत नुसतं ‘मसाले’ म्हणून दडपू नका. खोबऱ्यामुळेच हा मसाला खवट होतो. म्हणून टिकण्याची मुदत अंदाजाने सहा महिने लिहिण्यापेक्षा मे महिन्याच्या गरमीत पाकीट ठेवून बघा आणि त्यापेक्षा कमी लिहा. ऑनलाइन मंचांना एफएसएसएआयने सांगितलेलं आहे की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तेव्हा किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. त्यामुळे तीन महिन्यांची मुदत लिहिलेलं पाकीट बनवल्यापासून सहा आठवड्यांत पाठवून मोकळं व्हावं लागतं. थोडं थोडं कुटा, ढीग साठवू नका.

एमआरपी, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, मूळ देश ही माहिती वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांखाली पाकिटावर लागते आणि लिस्टिंगच्या पानावरही दिसावी लागते. गोधडीलाही हे लागू आहे: माप सेंटिमीटरमध्ये, नग किती, एमआरपी. इथे घरून काम करणाऱ्या बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: पाकिटावर आणि बिलावर जो पत्ता आणि फोन छापला जातो तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात जातो. राहत्या घराचा पत्ता आणि स्वतःचा नेहमीचा नंबर देऊ नका. गटाच्या कामाची खोली किंवा गाळा दाखवा आणि धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. हा खर्च नाही, सुरक्षितता आहे.

नावांबद्दल सावध राहा. सोलापुरी चादर, पैठणी, कोल्हापुरी चप्पल, वारली चित्र, हापूस या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. गोधडीला सोलापुरी कापड वापरलं म्हणून लिस्टिंगमध्ये ‘सोलापुरी चादर’ हे शब्द शोधासाठी घालू नका. उशीच्या अभ्र्यावर कार्टूनची चित्रं असलेलं कापड बाजारात खुलेआम मिळतं, पण ते शिवून ऑनलाइन विकलं की हक्कधारकाची तक्रार येते आणि एका तक्रारीत लिस्टिंग जातं, दोन-तीन तक्रारींत खातं. दुसऱ्याच्या पानावरून उचललेला फोटोही याच वर्गात मोडतो.

स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र लवकर करून ठेवा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे. गोधड्या, चादरी वर्ग २४ मध्ये, मसाले वर्ग ३० मध्ये. अर्जाआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. ® हे चिन्ह नोंदणी मिळेपर्यंत लावू नका, तो गुन्हा आहे, ™ चालतं. हे सगळं कशासाठी? कारण तुमचं लिस्टिंग चालायला लागलं की कोणीतरी त्याच पानाला येऊन चिकटतो, पन्नास रुपये कमी लावतो आणि तुमच्या फोटोवर आपली पातळ गोधडी विकतो. वाईट रिव्ह्यू तुमच्या पानावर पडतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फ्लिपकार्टवरच्या अशाच एका प्रकरणात, मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या लिस्टिंगला चिकटणं गैर ठरवलं आहे. पण कोर्टात न जाता हे थांबवायचं तर पुरावा हवा: गोधडीच्या कोपऱ्यावर शिवलेलं तुमच्या नावाचं लेबल, पहिल्याच फोटोत ते दिसणारं. मग त्या दुसऱ्या विक्रेत्याकडून एक नग स्वतः मागवा, बिल ठेवा, दोन्ही मालांचे शेजारी शेजारी फोटो काढा आणि तक्रारीत ऑर्डर क्रमांकासह द्या. नुसतं ‘आमची नक्कल होते’ लिहिलेल्या तक्रारी बंद होतात.

आता पैशाकडे येऊ. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या मालाचे शुल्क त्या त्या मार्केटप्लेसच्या दरपत्रकातून घ्या, कारण ते मालाच्या प्रकाराप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात.

समजा जीएसटी नोंदणी झाली आहे. गोधडीची किंमत करासह १,२६०. सप्टेंबर २०२५ च्या दरबदलानंतर अडीच हजारांपर्यंतच्या सुती गोधडीला ५ टक्के जीएसटी, म्हणजे मूळ किंमत १,२०० आणि कर ६०. कमिशन, ठरावीक शुल्क आणि पाठवणी मिळून २९० रुपये धरा, त्यावर १८ टक्के म्हणजे ५२.२० जीएसटी. टीसीएस ६ रुपये, टीडीएस १.२०. बँकेत येतात ९१०.६०. या शुल्कांवरच्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो, टीसीएस-टीडीएस पुढे जमा होतात, तेव्हा खरे हातात १,२०० वजा २९०, म्हणजे ९१० धरायला हरकत नाही. कापड, दोरा, मजुरी ६५० आणि पॅकिंग २५. पोहोचलेल्या एका गोधडीमागे उरले २३५. इथवर सगळे करतात, आणि इथेच थांबतात.

आता १०० गोधड्या पाठवल्या असं धरा. १२ गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवल्या किंवा तो सापडलाच नाही; याला धंद्यात आरटीओ म्हणतात, आणि कॅश ऑन डिलिव्हरीत हे प्रमाण वाढतं. ८ घेऊन, उघडून, परत केल्या. उरल्या ८०. त्यांचे २३५ प्रमाणे १८,८००. आरटीओच्या १२ मध्ये पॅकिंग वाया: ३००. परत आलेल्या ८ ला परतीची पाठवणी १८० आणि पॅकिंग २५, म्हणून १,६४०. त्या ८ पैकी ३ डाग पडलेल्या किंवा उसवलेल्या, पुन्हा विकण्याजोग्या नाहीत: १,९५०. जाहिरातीवर ६,०००. हाती राहिले ८,९१०, म्हणजे पोहोचलेल्या नगामागे १११ रुपये. तेच परतावे ८ ऐवजी २० झाले तर? पोहोचल्या ६८, त्यांचे १५,९८०. आरटीओ ३००, परतीचा खर्च ४,१००, खराब ७ धरल्या तर ४,५५०, जाहिरात तीच ६,०००. शिल्लक १,०३०. शंभर गोधड्यांची शिलाई, आणि हजार रुपये. परताव्याचं प्रमाण हाच या धंद्यातला खरा दर आहे. कमिशन दोन टक्के कमी कुठे, यावर लोक तासन्‌तास बोलतात. ‘कमिशन शून्य’ असलेल्या ठिकाणीही पाठवणी, परतावा आणि जाहिरात यांचे पैसे लागतातच.

परतावे कमी करायचे तर सुरुवात फोटोपासून. गोधडीच्या बाबतीत तक्रारी तीनच असतात: रंग वेगळा, आकार लहान, पातळ आहे. रंग उन्हाच्या उजेडात, फिल्टरशिवाय. आकार अंकांत लिहा आणि एक फोटो पलंगावर पसरून. जाडी दाखवायला घडीचा बाजूने काढलेला फोटो, शेजारी पट्टी. जुन्या साड्यांची गोधडी असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा आणि प्रत्येक नग वेगळा असेल हेही लिहा. चार ऑर्डरी कमी येतील, पण आलेल्या टिकतील.

वजनाचा मुद्दा गोधडीला सगळ्यात महाग पडतो. पाठवणीचा दर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त त्यावर लागतो. आकारमानी वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. गोधडीचं प्रत्यक्ष वजन १.६ किलो असलं तरी ४० × ३५ × १५ चं फुगीर पाकीट ४.२ किलोचं धरलं जातं. तीच हवा काढून ४० × ३० × ८ मध्ये बसवली तर १.९२ किलो. पाठवणीचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो, तेवढ्या एका कामासाठी व्हॅक्यूम पिशव्या आणि साधा घरगुती पंप पुरतो. हवा भरून पाकीट वाटेत फुगू नये म्हणून वरून चिकटपट्टीचे दोन आडवे पट्टे. आणि प्रत्येक मापाच्या पाकिटाचा एक फोटो काट्यावर ठेवून, एक फोटो तिन्ही बाजूंना टेप लावून काढून ठेवा. कुरिअरच्या यंत्राने जास्त वजन धरून फरक कापला की दाद मागायला हेच लागतं, आणि दाद मागायची मुदत थोड्याच दिवसांची असते.

परत आलेल्या पाकिटात भलताच माल निघणं हा रोजचा प्रकार आहे: नवी गोधडी गेली, जुनी चादर परत आली. यावर एकच उपाय चालतो, तो म्हणजे व्हिडिओ. पाठवताना आणि परत आलेलं उघडताना, दोन्ही वेळा, मध्ये न थांबवता. आधी पाकिटाच्या सहाही बाजू, मग लेबलवरचा क्रमांक वाचता येईल इतका जवळून, मग काटा, मग उघडणं, मग आतला माल उलटून त्याचं शिवलेलं लेबल. व्हिडिओ उघडल्यानंतर सुरू झाला असेल तर दावा फेटाळला जातो. फाईलला ऑर्डर क्रमांकाचं नाव द्या, नाहीतर तीन आठवड्यांनी शोधणार कशी? कुरिअरवाला दहा पाकिटं एकदम देऊन सही मागतो. फाटलेलं पाकीट घेताना त्याच्या पावतीवर ‘फाटलेलं मिळालं’ असं लिहून मगच सही करा. दाव्याचं नाव आणि मुदत प्रत्येक मार्केटप्लेसवर वेगळी असते, तिची तारीख पाकीट आलं त्याच दिवशी वहीत मांडा.

भांडवल किती लागेल? दिवसाला १० ऑर्डरी, नगामागे ६७५ खर्च, आणि पाठवल्यापासून पैसे बँकेत यायला २० दिवस धरले तर १,३५,००० रुपये कायम बाहेर फिरत असतात. ऑर्डरी दुप्पट झाल्या की ही रक्कम दुप्पट. दिवाळीच्या सेलमध्ये हेच घडतं: विक्री तिप्पट, कापडवाल्याचे पैसे देणं बाकी, आणि परतावे सेलनंतरच्या पंधरवड्यात एकदम येऊन पुढच्या जमा रकमेतून वजा. सेलच्या सवलतीत तुमचा माल आपोआप ओढला जाण्याची सोय काही ठिकाणी चालूच ठेवलेली असते. ती सेटिंग शोधून बंद करा आणि प्रत्येक सेलला हिशोब करून मगच होकार द्या.

खातं बंद पडण्याची कारणं ठरावीक आहेत. अ‍ॅमेझॉनवर स्वतः माल पाठवणाऱ्यासाठी सदोष (गिऱ्हाइकाची तक्रार किंवा वाईट शेरा आलेल्या) ऑर्डरी १ टक्क्याखाली, पाठवण्याआधी रद्द केलेल्या २.५ टक्क्यांखाली आणि उशिरा पाठवलेल्या ४ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. नव्या विक्रेत्याच्या ४० ऑर्डरींत दोन रद्द झाल्या की ५ टक्के झाले. म्हणून शिवून तयार असलेलाच माल ‘उपलब्ध’ दाखवा, शिवायचा आहे तो नाही. सणावाराला, गावात लग्न असताना सुट्टीची सेटिंग लावा. पाकिटात ‘पाच स्टार द्या, ५० रुपये मिळवा’ असं कार्ड टाकू नका: खातं जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, आणि ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० विक्रेत्याला स्वतः ग्राहक बनून रिव्ह्यू लिहायलाही मनाई करतात. एकाच वाय-फायवरून, एकाच फोनवरून दुसऱ्या गटाचं खातं चालवलं की दोन्ही जोडलेली समजली जातात, एक बंद झालं की दुसरंही.

बंद झालंच तर रागाच्या भरात नवं खातं काढू नका, ते पहिल्या दिवशी ओळखलं जातं. आलेल्या ईमेलमधलं नेमकं कारण वाचा आणि उत्तर तीन भागांत द्या: काय आणि कशामुळे झालं, आतापर्यंत काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. ‘आम्ही गरीब महिला आहोत’ हे खरं असलं तरी तपासणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. कापडाचं बिल, एफएसएसएआय प्रमाणपत्र, पॅकिंगचा व्हिडिओ उपयोगाचे. बिलावरचं नाव खात्याच्या नावाशी जुळायला हवं, म्हणून कापड रोखीने कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका. आणि बहुतेक करारांत वाद लवादाकडे आणि तोही कंपनीच्या शहरात असं कलम असतं. पन्नास हजारांसाठी तिथपर्यंत जाणं परवडत नाही, त्यामुळे एका मार्केटप्लेसकडे कधीच एवढी रक्कम साठू देऊ नका की ती अडकली तर गट थांबेल.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी, पण ठामपणे. कोणी ‘तुमचा जीएसटी क्रमांक वापरायला द्या, महिना पाच हजार देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्या क्रमांकावर झालेल्या बोगस विक्रीची नोटीस तुमच्या दारात येते. आणि खातं सांभाळून देणाऱ्या एजन्सीला मुख्य ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. मर्यादित अधिकाराचा वेगळा वापरकर्ता जोडण्याची सोय असते, तेवढीच द्या. ‘मार्केटप्लेसमधून बोलतोय, खातं सुरू करायला शुल्क भरा’ असा फोन आला आणि पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० वर कळवा. वेळ जितका जातो तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

हिशोबात सगळ्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे बँकेत आले तेवढीच विक्री धरणं. वरच्या उदाहरणात विक्री १,२०० आहे, ९१०.६० नाही. मार्केटप्लेस सरकारला १,२०० कळवतात, तुम्ही ९१० दाखवलेत की फरकाची नोटीस येते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन अहवाल उतरवून घ्या: विक्रीचा कर अहवाल, परताव्यांचा अहवाल, पैसे चुकते केल्याचा अहवाल. ऑर्डर क्रमांक धरून तिन्ही जुळवा. ज्या ऑर्डरीचा माल परत आला नाही आणि पैसेही आले नाहीत अशा ओळी वेगळ्या रंगाने रंगवा आणि त्यांची तक्रार लगेच टाका. जुने अहवाल कायम मिळतील असं धरू नका, ते स्वतःकडे साठवा.

आणि कधी थांबावंसं वाटलं तर खातं तडकाफडकी बंद करू नका. आधी सगळे लिस्टिंग निष्क्रिय करा, परताव्यांची मुदत संपेपर्यंत थांबा, गोदामातला माल मागवून घ्या आणि मोजा, शेवटची रक्कम जमा होऊ द्या, सगळे अहवाल उतरवा, टीसीएस स्वीकारा. त्यानंतरच जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा आणि मंजुरीनंतर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरण भरा. परत आलेल्या गोधड्या त्याआधी विकल्या गेल्या तर उत्तम, कारण नोंदणी रद्द होताना शिल्लक मालावर घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते.